दुखत नाही ना, मग कशाला?

सोनोग्राफी सेंटरच्या काउंटरवर पुरुष एरवी बिनधास्त असतात. मुतखड्याची चिठ्ठी हातात फडकवत येतात, लिव्हरवर चरबी आहे हे शेजारच्या अनोळखी माणसालाही सांगतात. एक चिठ्ठी मात्र चार घड्या घालून पाकिटातून निघते. तिच्यावर लिहिलेलं असतं, ‘यूएसजी स्क्रोटम विथ डॉपलर’. ती पुढे सरकवताना माणूस हळूच म्हणतो, “पोटाची सोनोग्राफी आहे.”

डोंबिवली पूर्वेला माझं छोटं सेंटर आहे. त्याआधी बरीच वर्षं ठाण्यात आणि कल्याणात वेगवेगळ्या हॉस्पिटलांत रेडिऑलॉजिस्ट म्हणून काम केलं. आमच्याकडे एक नियम आहे. ही चिठ्ठी कुणी मोठ्यानं वाचायची नाही. नोंद ‘स्मॉल पार्ट्स’ अशी करायची. थायरॉइडचीही तीच होते, त्यामुळे बाकावर बसलेल्यांना काही कळत नाही. पेशंटला आत घेतलं की पुढचा धक्का माझा असतो. “मॅडम, तुम्हीच करणार?” असं विचारून दोन-चार जण उठून गेलेही आहेत. बहुतेक थांबतात. मी टॉवेल देते, काय करणार ते आधी सांगते, जेल कोमट आहे हेही सांगते, आणि डोळे स्क्रीनवर ठेवते. बाई आहे म्हणून अवघडलेला माणूस पाच मिनिटांत बोलायला लागतो, आणि जे सर्जनला सांगितलं नाही ते मला सांगतो.

या सगळ्यांच्या तोंडी सर्वांत जास्त वेळा आलेलं वाक्य म्हणजे, “दुखत नव्हतं, म्हणून दाखवलं नाही.” आपल्याकडे आजार मोजायचं माप दुखण्याचं. दात दुखला की डेंटिस्ट, गुडघा दुखला की ऑर्थो. या जागेपुरतं हे माप फसवं आहे. इतक्या वर्षांत या खोलीत मी जे शिकले ते एवढ्यातच येतं.

आधी सूज कशाकशाची असते ते सांगते. अंडकोषाभोवती एक पातळ दुपदरी आवरण असतं. त्या दोन पदरांच्या मध्ये पाणी साठलं की ते हायड्रोसील. अंडकोषाच्या मागच्या बाजूला, वरपासून खालपर्यंत एपिडिडिमिस नावाची गुंडाळलेली नळी असते. अंडकोषात तयार झालेले शुक्रजंतू तिथे पक्व होऊन बाहेरच्या वाटेला लागतात. तिच्यात पाण्याचा फुगा आला की तो सिस्ट. वर शिरांचा गुंता फुगला तर व्हेरिकोसील. पोटातलं आतडं जांघेतून खाली उतरलं तर हर्निया. आणि खुद्द अंडकोषातच गाठ आली, तर त्या गाठीला कॅन्सर नाही असं सिद्ध होईपर्यंत कॅन्सरच समजून चालायचं. जुने सर्जन अंधाऱ्या खोलीत टॉर्च लावून बघायचे, अजूनही बघतात. पाणी असेल तर सूज लालसर उजळते, आतडं किंवा भरीव गाठ असेल तर काळोखच राहतो. सोनोग्राफीत उलट दिसतं. पाणी काळंभोर, आणि निरोगी अंडकोष एकसारखा राखाडी, जेमतेम चार-पाच सेंटिमीटर लांब.

सिस्टवाल्यांची जात सर्वांत घाबरट, आणि त्यांनाच घाबरायचं कारण सर्वांत कमी. एका बँकेतल्या तरुणाला आंघोळीच्या वेळी अंडकोषाच्या वर वाटाण्याएवढं काहीतरी लागलं. रात्रभर मोबाइलवर वाचून तो सकाळी पहिल्या नंबरला हजर झाला. स्क्रीनवर सहा मिलिमीटरचा काळा, पातळ कडांचा, गोल फुगा दिसला. अंडकोष पूर्ण वेगळा, स्वच्छ. असे बारीक फुगे कितीतरी पुरुषांच्या सोनोग्राफीत दुसऱ्याच कशासाठी बघताना सापडतात आणि आयुष्यभर काही करत नाहीत. त्याला ते पटेना. “मॅडम, काढूनच टाकतो ना, कटकट नको.” त्याचं लग्न ठरत होतं. मी त्याला स्क्रीनवरच दाखवलं, की हा फुगा ज्या नळीला चिकटलाय ती शुक्रजंतूंची वाट आहे. ऑपरेशनमध्ये तिला इजा झाली तर त्या बाजूची वाट बंद होऊ शकते. मूल व्हायचं असलेल्या माणसानं विनाकारण तिथे हात लावून घेऊ नये. सर्जननंही तेच सांगितलं. सिस्ट मोठी होऊन ओढ लागायला लागली, चालताना-बसताना अडचण झाली, दुखायला लागलं किंवा ती नक्की सिस्टच आहे का याबद्दल शंका असली, तर ऑपरेशनचा विचार. एरवी नुसतं लक्ष ठेवायचं. त्वचेवर पांढरट, टणक पुटकुळ्यांसारख्या गाठी येतात त्याही बहुतेक निरुपद्रवी. त्या पिकल्या तर दाखवायच्या, घरी टोचायच्या नाहीत. आणि डावी बाजू उजवीपेक्षा थोडी खाली लोंबते म्हणून येणारे तर नित्याचे. ते बहुतेकांचं तसंच असतं.

दुसऱ्या टोकाला आजोबा लोक. कल्याणच्या बाजार समितीत आयुष्यभर पोती उचललेले एक काका नातवाबरोबर आले. हायड्रोसील नारळापेक्षा मोठं झालेलं. लिंग त्या सुजेत जवळजवळ बुडालेलं, लघवी मांडीवरून ओघळायची, त्यानं कातडी सोललेली. “किती वर्षं झाली काका?” म्हटलं तर म्हणाले, “धाकटीच्या लग्नाच्या आधीपासून.” धाकटीचा मुलगा समोर उभा होता, कॉलेजात जाणारा. मधल्या काळात काकांनी धोतर सोडलं नाही, नातेवाइकांकडे मुक्कामाला जाणं सोडलं, गर्दीच्या लोकलमध्ये चढणं सोडलं. दोनदा कुणाकडून तरी सुईनं पाणी काढून घेतलं होतं. पाणी काढलं की चार दिवस हलकं वाटतं, पण पाणी तयार करणारं आवरण तिथेच असतं, त्यामुळे ते परत भरतं. मळक्या सुईनं आत जंतू गेले तर पू होतो, शीर फुटली तर रक्त साठतं. काकांच्या स्क्रीनवर नुसतं काळं पाणी नव्हतं. आत जाळी, पडदे, जुन्या रक्ताचा गाळ. साध्या हायड्रोसीलचं ऑपरेशन तासाभराच्या आतलं. आवरण उघडून उलटवायचं किंवा त्याला टाके घालून चुण्या पाडायच्या, बऱ्याचदा माणूस दुसऱ्या दिवशी घरी. काकांचं तसं झालं नाही. जाड झालेलं सगळं आवरण काढावं लागलं, आणि वय, बीपी, शुगर यांचा हिशोब वेगळा.

पाणी काढण्याची युक्ती जुनीच आहे. सुश्रुतसंहितेत मूत्रवृद्धी या नावानं हे दुखणं येतं, आणि व्रीहिमुख नावाच्या शस्त्रानं टोचून नळीवाटे पाणी काढायची रीतही दिलेली आहे. लाजही तेवढीच जुनी. रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचा इतिहास लिहिणारा एडवर्ड गिबन १७६१ साली अशाच सुजेसाठी सर्जनकडे गेला, आणि मग तीसेक वर्षं त्यानं त्याबद्दल ब्र काढला नाही. तंग विजारींचा जमाना, त्यामुळे सूज सगळ्या ओळखीच्यांना दिसत होती. त्याची समजूत मात्र कुणाला दिसत नाही अशी. १७९३च्या नोव्हेंबरात पहिल्यांदा पाणी काढलं ते चार लिटरच्या आसपास निघालं. पुन्हा भरलं, पुन्हा काढलं, आणि जानेवारी १७९४मध्ये, वयाच्या ५६व्या वर्षी, तो गेला. एवढा विद्वान माणूस आणि आमचे काका यांची सबब एकच होती.

आपल्या भागात हायड्रोसीलमागे आणखी एक गोष्ट असू शकते, ती म्हणजे हत्तीरोग. ठाणे आणि पालघर हे दोन्ही राज्यातल्या हत्तीरोगग्रस्त जिल्ह्यांच्या यादीतले, आणि भिवंडीच्या यंत्रमागांवर पूर्व उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेले कामगार आहेत, त्यांच्या मुलखातही हा रोग मुरलेला. लोकांना हत्तीरोग म्हटलं की सुजलेला पाय आठवतो. पुरुषांत तो हायड्रोसीलच्या रूपात जास्त दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं जगभरात अडीच कोटी पुरुषांना या रोगानं हायड्रोसील झालेलं आहे. भिवंडीच्या एका कारागिराची तपासणी मला पक्की आठवते. वय तिशीच्या आत, सूज लहानशी, दुखणं नाही. प्रोब ठेवला तर फुगलेल्या लसीकावाहिनीत बारीक धागे सतत वळवळत होते. पुस्तकात याला ‘फायलेरियल डान्स’ म्हणतात. जिवंत जंत, स्क्रीनवर, समोर. मी त्यालाही दाखवलं. तो बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला, “मॅडम, ये अभी जिंदा है?”

हे जंत गटाराच्या, साचलेल्या घाण पाण्यात वाढणाऱ्या क्युलेक्स डासामुळे पसरतात. त्यांची पिल्लं रक्तात रात्री उतरतात, म्हणून आरोग्य खात्याची माणसं रात्री साडेआठनंतर घरोघर रक्त घ्यायला येतात. लोक त्यांना दारातूनच हाकलतात, किंवा वर्षातून एकदा वाटलेल्या गोळ्या खिडकीतून फेकतात. त्या गोळ्या जंतांची पिल्लं मारून प्रसार थांबवतात. भरलेलं हायड्रोसील मात्र त्यांनी उतरत नाही, त्याला ऑपरेशनच. देशभर गोळ्यांची मोहीम २००४मध्ये सुरू झाली, २०१९मध्ये नागपूर जिल्ह्यात तीन औषधांचा नवा डोस आला, आणि २०२७पर्यंत रोग हटवायचं सरकारी उद्दिष्ट आहे. सूज बारीक असताना आलेला तो कारागीर औषधावर गेला. त्याच्या चाळीतले त्याच वयाचे आणखी दोघे पुढच्या आठवड्यात आले. माझ्या रिपोर्टपेक्षा त्याच्या तोंडून झालेला प्रचार मोठा.

आता दुखण्याबद्दल. माझ्या कामात सर्वांत जास्त धावपळ ज्याची, तो अंडकोषाला पडलेला पीळ. टॉर्शन. अंडकोष ज्या दोरीवर लोंबतो तिच्यातूनच त्याचा रक्तपुरवठा येतो. ती पिळली की रक्त थांबतं. बहुतेक वेळा बारा ते अठरा वर्षांची मुलं, पुष्कळदा झोपेतून उठवणारी कळ, मळमळ, उलटी. सहा तासांच्या आत पीळ सोडवला तर अंडकोष बहुतेकदा वाचतो. चोवीस तास उलटले तर क्वचित.

कल्याणच्या हॉस्पिटलात असताना टिटवाळ्याहून एक दहावीतला मुलगा दुपारी आला. कळ आदल्या रात्रीची. त्यानं आईला “पोटात दुखतंय” एवढंच सांगितलं होतं. आईनं ओवा दिला, हिंग लावला, सकाळी जवळच्या डॉक्टरांनी गॅसचं इंजेक्शन दिलं. माझ्या टेबलावर आल्यावरही तो पोटच दाखवत होता. वडील बाहेर गेल्यावर त्यानं खाली बोट केलं. रक्तप्रवाह दाखवणारा डॉपलर लावला. उजवीकडे लाल-निळे ठिपके चमकत होते, डावीकडे रंगाचा एक ठिपका नव्हता. डावा अंडकोष काढावा लागला आणि उजवा टाके घालून बांधून ठेवला, कारण अशा मुलांत दुसरी बाजूही तशीच सैल असते.

त्याच पावसाळ्यात दुसरा एक मुलगा आला, कळ सुरू होऊन दीड-दोन तासांत. सर्जननं तपासलं, अंडकोष वर ओढला गेलेला आणि आडवा झालेला पाहिला, आणि सोनोग्राफीला न पाठवता सरळ ऑपरेशन थिएटरमध्ये घेतलं. मी तयारीनं बसले होते. नंतर त्यांनी सांगितलं, “तुमच्याकडे पाठवून अर्धा तास घालवला असता तर तो अर्धा तास त्या मुलाचाच गेला असता.” त्या दिवसानंतर माझी भूमिका बदलली. आता असा फोन आला की मी सांगते, “माझ्याकडे येऊ नका. रात्री सर्जन असलेलं हॉस्पिटल गाठा, आणि फोनवरच सांगून ठेवा.” कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय असो, मुंबईचं सायन असो, जवळचं खासगी असो, शिळफाट्याच्या ट्रॅफिकचा विचार करून जे लवकर गाठता येईल ते. वाटेत मुलाला खायला-प्यायला देऊ नका, भूल द्यावी लागेल. आणि मुलगा पोट धरून बसला की चड्डी उतरवून बघा, हे सर्जन शिकतात तसं आईबापांनाही माहीत हवं. सकाळपर्यंत बघू, असं म्हणण्याचं हे दुखणं नाही.

दुखतंच, पण हळूहळू, ताप-जळजळीसकट, असं असेल तर बहुतेक एपिडिडिमिसला संसर्ग झालेला असतो. अँटिबायोटिकनं उतरतो. सात-आठ आठवडे गोळ्या बदलत राहिल्या आणि गाठ तशीच, तर आपल्याकडे टीबीचा विचार करावाच लागतो. तिथला टीबी फार दुखतही नाही. आणि डायबेटिस असलेल्या माणसाला तिथे लालसर सूज, सडका वास, काळवंडलेली कातडी दिसली, तर तो त्याच तासाला ॲडमिट होण्याचा मामला. ती कातडी सडणं तासातासाला पुढे सरकतं. हर्निया बाहेर येऊन घट्ट झाला, आत जाईना आणि उलट्या सुरू झाल्या तरी तसंच.

अजिबात न दुखणाऱ्या गाठीबद्दल मला सर्वांत जास्त सांगायचंय. ऐरोलीला कंपनीत काम करणारा, तिशीही न ओलांडलेला एक जण. डावा अंडकोष जड वाटतो, एवढीच तक्रार, आणि तीही बायकोनं जबरदस्तीनं पाठवलं म्हणून. “बायकोला सांगा, उगीच पाठवलं,” असं म्हणत तो हसत होता. स्क्रीनवर राखाडी अंडकोषात एक गडद, ओबडधोबड ठिगळ होतं, आत रक्तपुरवठा भरपूर. अशा वेळी आमच्या चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नसतं. मी रिपोर्ट त्याच दिवशी सर्जनना फोनवर कळवला. एएफपी, बीटा एचसीजी आणि एलडीएच या रक्ततपासण्या झाल्या, छाती-पोटाचा सीटी स्कॅन झाला, परळला टाटाला नोंद झाली. या गाठीत बाहेरून सुई घालायची नसते, चीरही खालून न देता जांघेतून द्यायची असते, नाहीतर रोग दुसऱ्या वाटेनं पसरू शकतो. म्हणून ‘छोटीशी गाठ आहे, इथेच काढू’ असं कुणी म्हटलं तर आधी सोनोग्राफी करून घ्यावी. त्यानं उपचारांआधी वीर्य साठवून ठेवलं होतं, डॉक्टरांनी आठवण करून दिली म्हणून.

हा कॅन्सर आपल्याकडे तुलनेनं कमी आढळतो, पण पंधरा ते चाळीस या कमावत्या वयात येतो, आणि लहानपणी अंडकोष खाली न उतरलेल्यांत जास्त. औषधाला तो फार चांगली दाद देतो. लवकर सापडला तर जवळजवळ सगळे बरे होतात. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगनं सूज अंगावर काढली. ऑक्टोबर १९९६मध्ये निदान झालं तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता आणि रोग फुफ्फुसांत आणि मेंदूत पोचलेला. तरीही तो वाचला. पण आधी आला असता तर त्याला जे सोसावं लागलं ते सगळं सोसावं लागलं नसतं. माझा ऐरोलीवाला वेळेत आला. त्याच्या फॉलोअपच्या सोनोग्राफ्या माझ्याकडेच होतात, आणि प्रत्येक वेळी बायको बरोबर असते.

लहान बाळांचं गणित निराळं. लसीकरणाच्या वेळी आया घाबरून विचारतात. जन्मतः असलेलं पाणी बहुतेकांत वर्ष-दीड वर्षात आपोआप जिरतं, तोवर ना ऑपरेशन ना सुई. रडताना जांघेत फुगवटा येतो आणि जातो, तो हर्निया असू शकतो. तो दाखवायला उशीर करू नये. एक किंवा दोन्ही अंडकोष पिशवीत लागतच नसतील, तर सहा महिने ते दीड वर्ष या वयात ते खाली आणून बसवतात. शाळा-अंगणवाडीतल्या मुलांची अशी तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात होते. तो देशात पहिल्यांदा ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरला, म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात सुरू झाला. शहापूर-मुरबाडकडची कितीतरी मुलं या तपासणीतूनच ऑपरेशनपर्यंत पोचली.

आणि भरतीवाले. पोलीस, सैन्यदल, रेल्वे, कुठलीही भरती निघाली की धावून धावून वाळलेली पोरं माझ्याकडे रांग लावतात. “मॅडम, मेडिकलला व्हेरिकोसील निघेल का ते बघा.” उभं करून, जोर करायला लावून शिरा बघायच्या. जास्त करून डावीकडे, कारण डाव्या बाजूची शीर मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते. हाताला न लागणारं, फक्त मशीनला दिसणारं व्हेरिकोसील ऑपरेशनच्या लायकीचं नसतं, हे त्यांना पटवताना माझी दमछाक होते. दुखत असेल, अंडकोष बारीक होत असेल, वीर्यतपासणी बिघडलेली असेल, तर गोष्ट वेगळी. फक्त उजवीकडे अचानक उपटलेलं किंवा आडवं झाल्यावरही न ओसरणारं व्हेरिकोसील दिसलं, की मी प्रोब वर नेऊन मूत्रपिंड बघते. तिथली गाठ कधी कधी अशी खाली निरोप पाठवते.

रोज चाचपत बसा, असं मी कुणाला सांगत नाही. त्यानं माणूस आजारी नसताना आजारी पडतो. आपलं नेहमीचं कसं आहे एवढं आंघोळीच्या वेळी कोमट पाण्यात हाताला माहीत असावं. नवीन काही लागलं, टणक लागलं, एक बाजू जड झाली किंवा आकार वाढतोय असं वाटलं, की आठवडा-दोन आठवड्यांत दाखवायचं. सूज जुनी असली तरी ऑपरेशन साधं असतानाच करून घ्यायचं. शास्त्रीनगर किंवा रुक्मिणीबाईसारख्या पालिकेच्या रुग्णालयाच्या ओपीडीत केसपेपर काढून दाखवलं तरी सुरुवात होते. मोठ्या डॉक्टरचीच वाट बघायला हवी असं नाही.

“दुखत नाही ना, मग कशाला?” असं कुणी म्हटलं की माझं उत्तर ठरलेलं असतं. दुखत नाही, तर माझ्याकडे या, वीस मिनिटांचं काम आहे. अचानक जोरात दुखतंय, तर माझ्याकडे येऊच नका, सरळ सर्जनकडे जा.